पाहुण्याच्या हाती बटण

लोक लंडन-पॅरिसला जाऊन येतात आणि पुस्तकं लिहितात. मी कोल्हारहून निघाले, भिंगारला एक मुक्काम केला आणि जामखेडच्या पुढच्या एका गावाला जाऊन आले. सगळा प्रवास आमच्याच नगर जिल्ह्यातला. पासपोर्ट लागला नाही की बोट लागली नाही. लागली ती एस.टी. आणि शेवटी बैलगाडी. तरीही मी थोडंसं अरबस्तान पाहून आले असं सांगते, आणि आमच्या शाळेतल्या बायका हसल्या तरी शब्द मागे घेत नाही. आपल्या जिल्ह्यात काय काय आहे ते आपल्यालाच ठाऊक नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

कोल्हार

आमच्या शाळेत फातिमा चाऊस नावाची एक तरुण शिक्षिका आहे. चाऊस म्हणजे निजामाच्या पदरी पहाऱ्याच्या कामासाठी अरबस्तानातून, हद्रमौत नावाच्या मुलखातून आलेले लोक. फातिमाचे आजोबा सालेहबाबा लहानपणी चुलत्याचं बोट धरून बोटीनं आले आणि मोठेपणी बीडकडे पहारेकरी झाले. निजामाचं राज्य गेलं, बरोबरीचे कितीतरी लोक परत आपल्या मुलखाला गेले. सालेहबाबा गेले नाहीत. हद्द ओलांडून जामखेडच्या बाजूला आले, एका मोसंबीच्या बागेची राखण धरली आणि तिथलेच झाले.

फातिमा आमच्याच घरी एका खोलीत राहते. तिचं मराठी इतकं स्वच्छ की मुख्याध्यापक वर्गाबाहेर उभे राहून ऐकतात. मागच्या वर्षी पुण्याच्या रेडिओवर खेड्यातल्या शिक्षिकांची भाषणं होणार असल्याचं कळलं, तेव्हा मी तिच्या मागे लागले. तिनं लिहिलं, पसंत पडलं आणि आम्ही दोघी पुण्याला जाऊन आलो. ती आत काचेच्या खोलीत बोलत होती आणि मी बाहेर लाल दिव्याकडे बघत बाकावर बसले होते. माझी स्वतःची लेक बोलत असती तरी छाती याहून फुगली नसती. काय बोललीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "रेडिओवर लागेल तेव्हा ऐका, बाई."

संक्रांतीच्या सुमारास कळलं की भाषण अमुक दिवशी संध्याकाळी लागणार. त्याच दिवशी आष्टीहून तिला बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा ओमर, फळांचा व्यापार करणारा; मोसंबी घ्यायला सालेहबाबांच्या बागेत यायचा, तिथं फातिमानं त्याला पाहिलेलं. घरात आजीचा शब्द चालतो. ते लोक आजीला हबाबा म्हणतात. या हबाबाचं म्हणणं फातिमाच्या कानावर आलं होतं, की सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये.

"मग काय करणार तू?" मी विचारलं.

"काही लपवणार नाही," फातिमा म्हणाली. "शाळा सोडणार नाही आणि बोलणंही सोडणार नाही. त्यांनी माझा आवाज आधी ऐकावा, मग हो किंवा नाही म्हणावं. होकार देऊन मग तोंड बंद कर म्हणाले तर मी काय करू?"

एवढं बोलून ती वह्या तपासायला बसली. पण लाल शाईची दौत तिच्या हातून सांडली. मुलगा तिला आवडला होता हे मला तेव्हाच समजलं.

"मी येते तुझ्याबरोबर," मी म्हटलं. ह्यांना विचारलंसुद्धा नाही. तिळगुळाचा डबा भरला, कॅनॉलच्या पाण्यावर जगलेले पेरू पिशवीत घेतले आणि निघालो.

भिंगार

नगरपर्यंतच्या एस.टी.त एक जाडजूड गृहस्थ माझ्या पेरूंवर बसले आणि राहुरी येईपर्यंत उठले नाहीत. उठल्यावर मलाच म्हणाले, "बाई, सीट ओली हाय जरा." यावर काय बोलायचं?

भिंगारला माझ्या नणंदबाई राहतात. त्यांचे यजमान लष्करी कचेरीत सिव्हिलियन क्लार्क आहेत. क्वार्टर छोटं, पण शिस्त पलटणीची. चहाचे कप एका रांगेत, चपला एका रांगेत, पोरंही एका रांगेत. कपाटात रेडिओ होता, त्यावर नणंदबाईंनी विणलेलं जाळीचं झाकण आणि झाकणावर प्लास्टिकचा मोर. भावजी कचेरीतून आल्याशिवाय त्या रेडिओला कुणी हात लावायचा नाही. आले की आधी मोर उचलायचे, मग झाकण काढायचे, मग हात पुसून बटण फिरवायचे. एवढे सोपस्कार आमच्याकडे देवालाही होत नाहीत. मी हसले खरी, पण आमच्या घरी तरी काय वेगळं आहे? आमच्या घरी बटण ह्यांच्या हाती. बाजारभाव लागले की मी चुलीपाशी असले तरी मला कांद्याचा भाव ऐकावा लागतो आणि गाणं लागलं की ह्यांना झोप येते.

जेवताना भावजींनी फातिमाला विचारलं, "तुमच्या आजोबांना अरबी येतं म्हणे. मागच्या लढाईत त्यांना त्रास नाही झाला? रोज परदेशी रेडिओ ऐकायचा म्हणजे..."

नणंदबाईंनी ताटातून मान वर केली. मीही.

फातिमा शांतपणे म्हणाली, "लढाईत गावानंच त्यांचा रेडिओ चावडीवर नेला. आधी मराठी बातम्या ऐकायचे, मग कैरोच्या. कैरोवाले आपल्या लढाईबद्दल काय म्हणतात ते आजोबा मराठीत सांगायचे. ढाका पडल्याचं ऐकलं त्या दिवशी गावानं गुळाच्या पहिल्या ढेपेचा खडा आजोबांच्या तोंडात घातला."

भावजींनी हातातला घास ताटात ठेवला. मग नणंदबाईंना म्हणाले, "त्यांना आणखी भाकरी वाढ." भावजींच्या तोंडून याहून मोठी माफी मी तरी कधी ऐकलेली नाही.

जामखेडच्या वाटेवर

पूर्वेकडचा हा मुलूख बघून आमच्या प्रवराकाठच्या माणसाचा घसा कोरडा पडतो. त्यात हे दुष्काळाचं साल. आमच्याकडे नदी आटली तरी कॅनॉलच्या कडेनं ऊस दिसतो. इथं मैलोगणती तांबडी माळरानं, खुरटी बोरं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना खडीचे ढीग. ढिगांपाशी बायका डोक्यावर पदर घेऊन दगड फोडत होत्या. सरकारी दुष्काळी काम. पण एस.टी. दिसली की हातातली हातोडी उंचावून हसत होत्या. मला तो मुलूख गरीब वाटला नाही, खमका वाटला.

जामखेडच्या स्टँडवरच्या हॉटेलात चहा घेतला. तिथं रेडिओ मालकाच्या डोक्यावरच्या फळीवर. त्याला वाटेल ते गाणं त्यानं लावायचं आणि गिऱ्हाइकानं ऐकायचं. एकानं "बातम्या लावा की" म्हटलं, तर मालक म्हणाला, "चा पाच मिंटात पिऊन जानार, अन् बातम्या कशाला पायजेत तुला?" पुढं गाडीवाट होती. सालेहबाबांनी धाडलेली बैलगाडी आली होती, तीत कडबा अंथरून त्यावर रंगीत सतरंजी टाकलेली. एवढ्या दुष्काळात बैलांच्या तोंडचा कडबा माझ्या बसण्यासाठी! मी सतरंजीवर अवघडूनच बसले.

सालेहबाबांचं घर

उंच, सडसडीत, पांढरी दाढी, कमरेला चौकड्यांची लुंगी आणि डोक्याला मात्र आपला नगरी फेटा. सालेहबाबा गाडीपाशी सामोरे आले आणि म्हणाले, "या बाई. आमच्या पोरीला तुमी ल्येक म्हनता. मग ह्ये घर तुमचं हाय. मला कवा घालवायचं तेवढं सांगा."

पाय धुवायला तांब्याभर पाणी समोर आलं. ते कुठून आणि किती लांबून आणलं असेल ते मी विचारलं नाही. मी माळकरी. शेजारच्या गिरजाबाईंनी आपल्या घरून माझ्यासाठी पिठलं आणि मिलोची लाल भाकरी करून आणली. गिरजाबाई दिवसभर खडी फोडायला जातात, संध्याकाळी इथं येतात. आईबापाविना राहिलेल्या फातिमाला त्यांनीच वाढवलं आहे. भाकरी वाढताना म्हणाल्या, "बाई, अमेरिकेची जवारी हाय ही. गिळंना तर पिठल्यात बुडवा. पिठलं आपलंच हाय."

जेवण झालं आणि या घराची रीत मला कळली. अंगणात लिंबाखाली तिवईवर कातडी कव्हरातला रेडिओ, तारेची एरियल थेट लिंबाच्या शेंड्यापर्यंत. संध्याकाळी सगळं गाव या अंगणात ऐकायला जमतं. मी समजून होते की बटण बाबांच्या हाती. पण त्यांनी रेडिओ तिवईसकट उचलून माझ्या बाजेपाशी ठेवला.

"पिळा कान," ते म्हणाले. "आमच्यात पावना आला का बटन पावन्याच्या हाती. त्यो लावंल ते घर ऐकनार."

"आणि पाहुण्यानं नको ते लावलं तर?"

"पावन्याचं नको ते कसं आसंल? घरच्यानं पावन्याला 'ह्ये बदला' म्हनायचं न्हाई. म्हनलं, तर घराची अब्रू ग्येली."

त्यांच्या मुलखात पाहुण्याला तीन दिवस 'का आलात' असंही विचारत नाहीत म्हणे. आपल्याकडे एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई. पाण्याचा दुष्काळ तिकडचा आणि मनाचा आपल्याकडचा, असं म्हणावंसं वाटलं. तेवढ्यात गिरजाबाईंनी दिलेली पिठल्याची वाटी आठवली आणि शब्द गिळले. परत आल्यावर ही रीत मी आमच्या घरी लावून पाहिली. ह्यांनी "तू कुठं पाहुणी?" म्हणून निकालात काढली. आता कळलं ना, गावाचं नाव का लिहीत नाही ते? नाही तर तुम्ही सगळे जाल आणि बटण धरून बसाल.

त्या संध्याकाळी मी बटण धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटेल ते लावलं. आधी भजन, मग एक श्रुतिका, आणि शेवटी बाबांसाठी कैरो. बाबा डोळे मिटून ऐकत होते. एकेक बातमी झाली की मराठीत सांगत होते आणि अंगणातले लोक त्यावर वाद घालत होते. सुवेझच्या कालव्यावर जामखेडच्या माळावर एवढं कडाक्याचं भांडण होतं हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

फातिमाचं अरबी याच रेडिओवरचं. बातम्या सांगणाऱ्याचं एकेक वाक्य बाबा तिच्याकडून म्हणवून घेत. "आमची बोली गावठी, बाई," ते मला म्हणाले. "डोंगरातली. पोरीला शुद्ध आलं पायजे." मी मान डोलावली. मीही वर्गात पोरांचं 'हाय' काढून 'आहे' घालते आणि घालत राहणार. गावठी बोली पोरं आईकडून शिकतातच. पण फातिमाला आई नव्हती, आणि आजीही ती चार वर्षांची असतानाच गेली. हे माझ्या मनात आलं, आणि तेवढ्यावरच राहिलं.

पाहुण्यांचा दिवस

सकाळपासून हरीस शिजत होतं. गहू आणि मटण एकत्र शिजवून घोटतात, अगदी पुरणासारखं. साठवलेले चांगले गहू बाबांनी त्यासाठीच काढले होते. मी फक्त वास घेतला आणि माळेला हात लावला.

दुपार कलताना पाहुणे आले. हबाबा ठेंगणी, वाळलेली, काळ्या बुरख्यातून नुसते डोळे चमकणारे. अंगणात आल्यावर बुरखा वर केला तर हनुवटीवर हिरवं गोंदण. मागे ओमर, मोसंबीची करंडी खांद्यावर घेतलेला, मान खाली. मी तिळगूळ दिला, "गोड बोला" म्हटलं.

"गोड बोलायला दात कुठायत माय?" हबाबा म्हणाली, पण तिळगूळ तोंडात टाकला.

फातिमा पाण्याचा तांब्या घेऊन आली. हबाबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अरबीत काहीतरी विचारलं. हळू, घरगुती आवाजात. फातिमा घाबरली होती. तिनं मान ताठ केली आणि रेडिओवरचं अरबी सुरू केलं. बाबांचा चेहरा आधी खुलला, मग पडला. नंतर त्यांनीच मला सांगितलं, की पोरगी घाबरून "सन्माननीय श्रोतेहो" म्हणाली आणि मग हबाबाच्या तब्येतीची चौकशी मंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी द्यावी तशी केली.

हबाबानं हात काढून घेतला. मराठीत बाबांना म्हणाली, "सालेह, ही पोरगी पेटीतल्या माणसावाणी बोलायली. मला घरात बोलायला माणूस पायजे होतं. माझा मालक गेला तवापून माझ्याशी आपल्या बोलीत बोलणारं कोणी नाही. लेकरायला येतच नाही."

म्हणजे अडचण तोऱ्याची नव्हती, एकटेपणाची होती. हे कळून मला तिचा राग धरवेना, आणि तीच पंचाईत झाली. फातिमा आत गेली ती स्वयंपाकघराच्या दारापाशीच उभी राहिली. जेवणं गुपचूप झाली. हरीस छान झालं होतं असं ओमर दोनदा म्हणाला.

संध्याकाळी अंगण भरलं. खडीच्या कामावरच्या बायका घरी न जाता थेट आल्या होत्या. पदरावर दगडाची पांढरी धूळ, कुणी हातोडीसुद्धा बरोबर आणलेली. आपली फातिमा बोलणार! बाबांनी रीतीप्रमाणे रेडिओ उचलला आणि नव्या पाहुणीच्या बाजेपाशी ठेवला. हबाबानं एक हात बटणावर ठेवला आणि अरबी स्टेशन लावलं.

कुणीतरी लांबलचक बोलत होतं. हबाबाला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण बटणावरचा हात हलेना. वेळ होत आली. गिरजाबाई माझ्या कानाशी लागल्या, "बाई, टाइम झाला की वो." मी बाबांकडे बघितलं. बाबा लिंबाच्या शेंड्याकडे बघत होते. सगळं गाव ज्या आवाजासाठी जमलं होतं, ज्या आवाजावर नातीचं लग्न ठरायचं होतं, तो त्या पेटीत येऊन थांबला होता; आणि हा माणूस घराची रीत मोडायला तयार नव्हता. भिंतीशी बसलेली एक बाई उठू लागली तर त्यांनी नुसता हात वर केला. ती खाली बसली. कुणी कुरकुर केली नाही. गावालाही ती रीत आता आपलीच वाटत होती. मला त्या माणसांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्या सगळ्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. यजमानानं पाहुण्याला सांगायचं नाही, हे ठीक. पण मी कुठं यजमान आहे?

मी उठले, हबाबाच्या बाजेपाशी गेले. "हबाबा, मीही या घरची पाहुणीच आहे. काल आले, अजून तीन दिवस झालेले नाहीत. घरच्यांनी काही मागायचं नसतं. पण पाहुणीनं पाहुणीकडे मागितलं तर?"

बाबांनी लिंबावरची नजर काढली आणि दाढी खाजवली. असा पेच त्यांच्या घरी कधी पडलेला नसावा. हबाबा माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या बोळक्या तोंडात हसू आलं.

"पावनीचा पावनीवर हक्क हाय," ती म्हणाली. "काय पायजे?"

"पुणं."

"पुण्यात काय हाय?"

"ऐका म्हणजे कळेल."

ती बाजेवर सरकली. मी बसले आणि बटण फिरवलं. खरखर, एक सिनेमाचं गाणं, पुन्हा खरखर, आणि मग स्वच्छ, ओळखीचा आवाज. नाव सांगून झालं होतं. फातिमा अंगणात बोलत होती, आणि फातिमा दारात उभी होती.

"आमच्या गावचा रेडिओ दोन भाषा बोलतो," रेडिओतली फातिमा सांगत होती.

बायका सावरून बसल्या. हबाबानं आधी पेटीकडे पाहिलं, मग दाराकडे. "ही बोलायली का?"

"हो."

"समद्या मुलखाला ऐकू जायलंय?"

"जिथं जिथं रेडिओ आहे तिथं."

तिचे ओठ घट्ट मिटले. ओमरच्या हातातला चहा तसाच राहिला. मला वाटलं, संपलं सगळं. मीच घाई केली.

रेडिओतली फातिमा मात्र शांतपणे पुढे निघाली होती. "लहानपणी आमच्या घरी आणि शेजारी मिळून जातं एकच होतं. एका बाजूला माझी आजी बसायची, समोर गिरजामावशी. मावशी ओवी म्हणायची, आजी तिच्या मुलखातलं दळणाचं गाणं म्हणायची. मी आजीच्या मांडीवर असायचे. शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं, ही एकच भाषा आहे आणि हे एकच गाणं आहे."

गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"त्या गाण्याच्या दोन ओळी मला येतात," फातिमा म्हणाली, आणि पुण्याच्या मराठी रेडिओवरून ती त्या म्हणू लागली. ते बातम्यांमधलं अरबी नव्हतं, हे मलाही कळलं. शब्द मऊ होते, मधेमधे ओढलेले, जात्याच्या फेऱ्याला थांबणारे. दोन ओळी झाल्या. "पुढचं आजीबरोबर गेलं," ती म्हणाली.

बटणाकडे नेलेला हबाबाचा हात हवेत तसाच राहिला होता. तिनं डोळे मिटले आणि ज्या शब्दापाशी फातिमा थांबली होती तिथून पुढे म्हणायला लागली. आवाज घोगरा, मधेच फुटणारा. तिसरी ओळ, चौथी, पाचवी. रेडिओतली फातिमा खडीच्या कामावरच्या बायकांबद्दल सांगत होती, पण त्या बायका आता हबाबाला ऐकत होत्या. सहाव्या ओळीला बाबांनी साथ धरली, आपल्या त्या डोंगरातल्या गावठी बोलीत, सगळ्या गावासमोर. ओमर आजीकडे टक लावून बघत होता. इतकी वर्षं तिच्या शेजारी राहून हे त्यानं कधी ऐकलेलं दिसत नव्हतं.

गाणं संपलं तेव्हा रेडिओवर बाजारभाव चालू झाले होते. मी बटण बंद केलं. कांद्याचा भाव त्या दिवशी मला ऐकायचा नव्हता.

हबाबानं बुरख्याच्या टोकानं डोळे पुसले आणि फातिमाला हाक मारली. ती आली, समोर उभी राहिली.

"हबाबा, मला शुद्ध अरबी रेडिओनं शिकवलं. घरचं मला तेवढंच येतं, त्या दोन ओळी. बाकीचं तुम्ही शिकवलंत तर शिकेन. पण मी शाळा सोडणार नाही आणि हे बोलणंही सोडणार नाही. हो म्हणायचं तर हे धरून म्हणा."

मला तिचा असा अभिमान वाटला की पुण्याचा लाल दिवा त्यापुढे काहीच नव्हता. अरबस्तानातल्या आजीची, गिरजाबाईंची आणि आमच्या कोल्हारच्या शाळेची ही पोर. हिला कुणीही नाकारलं तरी नुकसान नाकारणाऱ्याचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

हबाबानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून नातवाला विचारलं, "ओमर, आपल्या घरी रेडिओ हाय का?"

"नाही, हबाबा."

"मग ही बोलायली की आपण काय शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावून ऐकावं का? उद्याच घेऊन ये."